पिकअप हवाय म्हणून मागचं क्राउन-पिनियन बदलायचं का?

या वेळी गिअर रेशोवर इतकी पत्रं आलीत की सगळी जागा त्यालाच द्यायची ठरवली. टायर, बॅटरी आणि एसीचे प्रश्न पुढच्या अंकात घेऊ.

प्रश्न : काका नमस्कार, माझं कॉलेज आत्ताच संपलंय, राजेंद्रनगरला राहतो, घरी १.३ लिटरची जिप्सी आहे, पेट्रोल, एमपीएफआय. पावसाळ्याआधी तिचे २०५/७० आर १५ टायर काढून २३५/७५ आर १५ टाकले, गाडी थोडी उंच पण करून घेतली, पुढे लोखंडी बंपर लावला. दिसते एकदम जबरदस्त पण पिकअप पार गेला. सिग्नल सुटला की मागचे हॉर्न मारायला लागतात आणि खंडवा रोडला भेरूघाटात तिसरा गिअर टिकतच नाही, दुसऱ्यावर आणावी लागते. देवास नाक्यावरचा एक मेकॅनिक म्हणतोय की जुन्या एक लिटरवाल्या जिप्सीचं ४.११ चं मागचं डिफरन्शियल टाक, गाडी उडेल. टाकू का? इंजिनाला त्रास होईल का, ॲव्हरेज किती पडेल? — एक वाचक, इंदूर

उत्तर : हे बघ बाळा, मागचे गिअर बदलून इंजिनाची ताकद तसूभरही वाढत नाही. तुझ्या इंजिनात ८० च्या आसपास हॉर्सपॉवर आहे, ती तेवढीच राहणार. रेशो बदलला की फक्त देवाणघेवाण बदलते, वेग सोडला तर ओढ मिळते आणि ओढ सोडली तर वेग मिळतो. ज्याला हे पटलं त्यानंच पुढचा खर्च करावा, कारण "गाडी उडेल" म्हणून पैसे दिले आणि नंतर हायवेवर इंजिन कोकलायला लागलं की माणूस मेकॅनिकला शिव्या देतो, आणि त्याचा बिचाऱ्याचा काही दोष नसतो.

मागच्या एक्सलच्या मधल्या फुगीर भागात, म्हणजे डिफरन्शियलमध्ये, एक मोठा गिअर असतो तो क्राउन, आणि प्रोपेलर शाफ्टच्या, म्हणजे पुढून मागच्या एक्सलकडे येणाऱ्या लांब दांड्याच्या, टोकाला असलेला छोटा गिअर त्याला फिरवतो तो पिनियन. क्राउनला ४१ दाते आणि पिनियनला ११ असतील तर ४१ भागिले ११ म्हणजे ३.७३, हाच रेशो, याचा अर्थ शाफ्ट पावणेचार वेळा फिरला की चाक एकदा फिरतं. ३७ आणि ९ असतील तर ४.११. आकडा मोठा तेवढी चाकाला ओढ जास्त आणि त्याच स्पीडला इंजिनाचे फेरेही जास्त. सुझुकीनं बाहेरच्या देशांत जिप्सीचीच भावंडं विकली, त्यातल्या एक लिटरच्या एसजे४१० ला ४.११ होता आणि १.३ वाल्या सॅमुराईला ३.७३, म्हणजे मेकॅनिक जे सुचवतोय ते हवेतलं नाहीये, जगभर लोकांनी हा बदल केलेला आहे.

आता तुझ्या गाडीचा हिशेब करू, कारण खरी गंमत तिथेच आहे. २०५/७० आर १५ ची उंची होते साधारण ६६८ मिलिमीटर. २३५/७५ आर १५ ची होते ७३३. म्हणजे चाक जवळजवळ १० टक्के मोठं झालं, आणि मोठं चाक एका फेऱ्यात जास्त रस्ता कापतं म्हणजे तू न कळत गाडीचा रेशोच १० टक्के ओढीकडून वेगाकडे सरकवून टाकलास. ३.७३ चा परिणाम आता ३.४० सारखा झालाय! पिकअप गेला तो इथे गेला, इंजिन बिचारं होतं तिथेच आहे.

सॅमुराईचे छापील रेशो धरून चालू, तुझ्या गाडीचे तिच्या मॅन्युअलमधून ताडून घे : पहिला ३.६५, टॉप म्हणजे पाचवा ०.७९५ आणि ट्रान्सफर केसचा, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या एक्सलला वाटणाऱ्या पेटीचा, हाय रेशो १.४०९. इंजिनाचा जास्तीत जास्त टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, १०३ न्यूटन मीटरच्या घरात, तोही ४५०० आरपीएमला, म्हणजे खालच्या फेऱ्यांवर हे इंजिन मुळातच शांत आहे हे पण लक्षात ठेव. वाटेतलं घर्षण सोडून दिलं तर मूळच्या टायरवर पहिल्या गिअरमध्ये गाडीला मिळणारी ओढ येते जवळपास ६०० किलोची. मोठे टायर टाकल्यावर ती झाली ५५० ची. ४.११ टाकलास तर होते ६०५. म्हणजे बघ, मोठे टायर आणि ४.११ अशी जोडी केली की गाडी बरोबर तिथेच येते जिथे कंपनीनं तिला सोडली होती. उडणार नाही. जे गेलं होतं ते परत येईल. माझ्या मते तुझ्यासाठी हेच करण्यासारखं आहे, आणि एवढ्यानंही तुला जमीन-अस्मानाचा फरक वाटेल कारण रोज ५० किलो कमी ओढीवर चालवून तुला त्याची सवय झालीय.

हायवेचं पण बघून घे, नाहीतर उद्या परत पत्र लिहिशील. टॉप गिअरला ८० च्या खऱ्या स्पीडला मूळच्या गाडीत इंजिन फिरतं सुमारे २६५० वर. आत्ता मोठ्या टायरवर २४१५ वर फिरत असेल, ४.११ नंतर २६६५ होईल. म्हणजे पुन्हा जिथल्या तिथे. पण हेच ४.११ तू मूळच्या छोट्या टायरवर टाकलं असतंस तर ८० ला २९२५ आणि १०० ला ३६५० च्या पुढे इंजिन फिरलं असतं, त्यात शहरात मजा आली असती आणि बायपासवर भोपाळपर्यंत कान दुखले असते. त्यामुळे ज्यांचे टायर मूळचे आहेत आणि महिन्यातून दोनदा हायवे होतो त्यांनी हे वाचून लगेच ४.११ शोधायला निघू नये.

ॲव्हरेजचं म्हणशील तर शहरात फारसं पडणार नाही, कदाचित सुधारेल सुद्धा, कारण आत्ता तू गाडी हलवायलाच जास्त रेस देतोयस आणि अर्धा क्लच धरून ठेवतोयस. हायवेवर मूळच्या गाडीपेक्षा थोडं कमीच मिळेल पण ते उंची, रुंद टायर आणि बंपरमुळे, क्राउन-पिनियनमुळे नाही. इंजिनाला त्रास नाही, उलट सुटका आहे. स्पीडोमीटरचाही एक फायदा : या गाडीत त्याची केबल ट्रान्सफर केसमधून निघते, तिला टायर किती मोठा ते कळत नाही, त्यामुळे सध्या काटा १०० दाखवतो तेव्हा तू खरं म्हणजे ११० ला असतोस. ४.११ नंतर तो पुन्हा जवळपास खरं बोलायला लागेल. तोपर्यंत काट्यावर भरवसा ठेवू नकोस, विशेषतः सुपर कॉरिडॉरवर.

आता ज्या गोष्टीसाठी तुझं पत्र पहिलं घेतलंय ती. मेकॅनिक म्हणाला "मागचं" टाक. फक्त मागचं अजिबात टाकायचं नाही! तुझी गाडी फोर बाय फोर आहे. ट्रान्सफर केस पुढच्या आणि मागच्या शाफ्टला एकाच वेगानं फिरवते, त्यात मागे ४.११ आणि पुढे ३.७३ असलं तर पुढची चाकं १० टक्के जास्त पळायला बघणार आणि मागची मागे ओढणार. टू व्हीलमध्ये काहीच कळणार नाही, महिनोन्महिने गाडी छान चालेल, आणि मग एक दिवस पाताळपाणीकडे चिखलात अडकलास म्हणून फोर व्हील टाकशील तेव्हा शाफ्ट पिळले जाऊन ट्रान्सफर केस तरी फुटेल नाहीतर शाफ्टचा सांधा म्हणजे क्रॉस तरी तुटेल, ते पण नेमकं जिथे मदत नाही अशा ठिकाणी. पुढचं आणि मागचं दोन्ही एकाच रेशोचं, याला दुसरा पर्याय नाही. दोन्हीचा खर्च जमत नसेल तर थांब आणि पैसे साठव. मेकॅनिकनं मुद्दाम फसवलं असं मी म्हणत नाही, टॅक्सी आणि लोडिंगच्या गाड्या करणाऱ्याला पुढच्या एक्सलची सवय नसते, पण नुकसान तुझं होईल.

जुना माल घेताना कोणाच्या बोलण्यावर जाऊ नकोस, दाते स्वतः मोज. बऱ्याच क्राउनवर दात्यांचे आकडे कोरलेले असतात, काळं तेल डिझेलनं पुसून बॅटरीच्या उजेडात बघ. एक्सलच्या टोकाचे स्प्लाइन म्हणजे लांबट खाचा पण मोज, जुन्या आणि नव्या मॉडेलमध्ये ते वेगळे असू शकतात आणि मग घरी आणलेला अख्खा संच बसतच नाही. क्राउन आणि पिनियन कायम जोडीनंच घ्यायचे, कारखान्यात ते एकमेकांवर घासून जुळवलेले असतात, एकाचा क्राउन आणि दुसऱ्याचा पिनियन लावला की आवाज येणारच, कितीही मोठा उस्ताद असू दे.

तुझ्या गाडीत आत्ता खरोखर कोणता रेशो आहे तेही आधी बघून घे, जुन्या गाडीत आधीच्या मालकानं काय केलंय सांगता येत नाही. सपाट जागेवर पुढच्या चाकांना दोन्हीकडून विटा लाव, गिअर न्यूट्रल, टू व्हील, हँडब्रेक सोडलेला, मागचं एकच चाक जॅकवर उचल आणि एक्सलखाली स्टँड दे. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली डोकं घालायचं नाही, हे वडिलांना पण सांग. प्रोपेलर शाफ्टवर खडूची एक रेघ, टायरवर एक रेघ. उचललेलं चाक हातानं बरोबर दोन फेरे फिरव आणि शाफ्टचे फेरे मोज. पावणेचारच्या आसपास आले तर ३.७३, चार पूर्ण होऊन वर थोडंसंच गेलं तर ४.११. एकच चाक उचललेलं असताना दोन फेरे का, तर दुसरं चाक जमिनीवर थांबलेलं असल्यामुळे डिफरन्शियल अर्धंच फिरतं.

आणि हे सगळं करायच्या आधी गाडी तब्येतीत आहे का ते बघ. चौथ्या गिअरला ४० च्या स्पीडला एकदम रेस दे, इंजिनाचा आवाज चढला पण गाडी जागची पुढे गेली नाही तर क्लच प्लेट घसरतेय. दहा-पंधरा किलोमीटर चालवून आल्यावर चारही चाकांजवळ हात नेऊन बघ, एखादं जास्त तापलेलं असेल तर ब्रेक धरून बसलाय. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, टॅपेट, एअर फिल्टर, प्लग. यातलं एक जरी बिघडलेलं असेल तर नवीन रेशो त्याच्यावर पांघरूण घालेल आणि सहा महिन्यांनी तू परत तिथेच. तो लोखंडी बंपर पण काढून वजन करून बघ, साधारण एक टनाच्या गाडीवर बंपर, कॅरिअर, विंच मिळून १०० किलो चढले तर तेही १० टक्केच झाले, आणि ते काढायला एक पैसा लागत नाही.

शेवटी ब्रेक. मोठ्या चाकामुळे ब्रेकची पकड पण १० टक्क्यांनी कमी झालीय, कारण ड्रम आणि डिस्क तेवढेच राहिले आणि चाक मोठं झालं. ४.११ नं पिकअप परत येईल, उतारावर गिअरमध्ये ठेवल्यावर इंजिनाचा ब्रेक पण परत येईल, पण पायाखालचा ब्रेक परत येणार नाही. भेरूघाट चढण्याची तुला काळजी आहे, मला तो तू उतरतोस त्याची जास्त आहे. लायनिंग, पॅड, ब्रेक ऑइल सगळं नवीन करून घे आणि ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर. आरसीवर जो तपशील आहे त्याच्याशी विसंगत होईल असा बदल करायला मोटर वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नं बंदी आहे, म्हणून टायर आणि उंचीबद्दल आरटीओत आणि विमा कंपनीकडे विचारून घे, अपघातानंतर क्लेमच्या वेळी हे विचारत बसण्यात अर्थ नसतो.

प्रश्न : काका, माझी छोटी हॅचबॅक आहे, १.२ पेट्रोल. विजयनगरहून पीथमपूरला रोज ऑफिसला जाते. ओव्हरटेक करताना गाडी जागची हलत नाही, ट्रकच्या बाजूला अडकून राहते आणि भीती वाटते. ऑफिसमधला एकजण म्हणतो मागचा रेशो बदलून घे. माझ्या गाडीत होईल का? — एक वाचक भगिनी

उत्तर : तुझ्या गाडीत मागे काही नाहीच बेटा, ती पुढच्या चाकांवर चालते. तुझी शेवटची गिअरजोडी, फायनल ड्राइव्ह म्हणतात ती, गिअरबॉक्सच्या पोटातच असते, ती बदलायची म्हणजे अख्खा गिअरबॉक्स उतरवून उघडायचा. रोजच्या ऑफिसच्या गाडीला हे मी कधीच सांगणार नाही.

तुझं काम फुकटात होण्यासारखं आहे. तू बहुतेक पाचव्या गिअरमध्येच ओव्हरटेक करत असशील, ७० ला पाचवा असताना इंजिन जेमतेम दोन हजारावर असतं, तिथे त्याच्यात जोर नसतो. ट्रकच्या मागे असतानाच, बाजूला जायच्या आधी, तिसऱ्यावर आण. आवाज वाढेल, वाढू दे, चार-साडेचार हजार फेऱ्यांना या इंजिनांना काहीच होत नाही, ती तिथेच जोमात चालतात. पाचव्यावरून तिसऱ्यावर आलीस की चाकाची ओढ दीडपटीच्या वर जाते, मागचा रेशो बदलणाऱ्यांना सगळा खटाटोप करून जेमतेम १० टक्के मिळतात. बाजूला गेल्यावर मधेच गिअर बदलायचा नाही, आधी बदलायचा आणि मग निघायचं. रविवारी सकाळी रिकाम्या रस्त्यावर सवय कर म्हणजे हात आपोआप पडेल. आणि समोरचं स्पष्ट दिसत नसेल तर ट्रकच्या मागेच राहा, ऑफिस कुठे पळून जात नाही.

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी महूला असतो, वय ६८. माझ्याकडे जुनी महिंद्राची पेट्रोल जीप आहे, वडिलांनी घेतलेली. माझी तक्रार उलटी आहे. ओढ भरपूर आहे, जानापावला चौघांना घेऊन आरामात चढते, पण एबी रोडवर ६० च्या वर इंजिन असं ओरडतं की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. मागच्या क्राउनवर ४३ आणि ८ असं कोरलेलं दिसलं. काही करता येईल का? — एक ज्येष्ठ वाचक, महू

उत्तर : काका, तुमचं पत्र वाचून फार बरं वाटलं, वडिलांची गाडी चालू ठेवलीत आणि दाते बघूनच पत्र पाठवलंत. ४३ भागिले ८ म्हणजे ५.३८. हा विलीज या अमेरिकन कंपनीच्या, दुसऱ्या महायुद्धानंतरच्या सीजे या नागरी जीपचा रेशो, शेतात नांगर ओढायला आणि चिखलात जायला ठेवलेला. महिंद्रानं १९४७ पासून विलीजच्याच जीपा इथे जोडायला सुरुवात केली, त्यामुळे तो आपल्याकडे आला. युद्धातल्या लष्करी विलीजला मात्र ३९ आणि ८ म्हणजे ४.८८ होता, तिला ताफ्याबरोबर रस्त्यानं पळायचं होतं.

६.०० - १६ च्या टायरवर ८० च्या स्पीडला तुमचं इंजिन ३१५० च्या वर फिरतं, ४.८८ वर तेच २९०० च्या खाली येईल. म्हणजे ९ टक्के शांत, आणि ओढही तेवढीच कमी. जानापाव तरी चढेल, हवा तर एक गिअर खाली. ४.८८ ची जोडी चांगल्या अवस्थेतली मिळाली तर करा, पण वर जिप्सीवाल्याला सांगितलं तेच, फोर बाय फोर असेल तर पुढे-मागे दोन्ही. नाही मिळाली तर मी म्हणेन ६० नंच जा. त्या गाडीचे ब्रेक आणि स्टिअरिंग ६० साठीच चांगले आहेत, इंजिन शांत झालं म्हणून स्पीड वाढवला तर थांबवायला ते पुरणार नाहीत.

प्रश्न : दादा, मुलगा १९ वर्षांचा आहे, बाइकचं पुढचं स्प्रॉकेट एका दात्यानं लहान करायचं म्हणतो, १४ चं १३. करू द्यावं का? — एक आई, सुदामानगर

उत्तर : ताई, तत्त्व तेच आहे, १४ चं १३ म्हणजे साधारण पावणेआठ टक्के ओढ वाढते आणि तेवढाच वरचा स्पीड कमी होतो. गाडी बिघडत नाही, चेनचं आयुष्य थोडं घटतं, कारण लहान स्प्रॉकेटवर तिला जास्त वळावं लागतं. ओढ वाढली की घसरणाऱ्या रस्त्यावर मागचं चाक घसरू शकतं आणि पुढचं हलकं होऊ शकतं, हे मात्र त्याला समजावून सांगा. कशासाठी हवंय ते आधी विचारा. दोघं बसून घाट चढायला हवं असेल तर करू द्या. सिग्नलवरून कोणाच्या तरी पुढे पळायला हवं असेल तर नको. पीथमपूरला नॅट्रॅक्स म्हणून गाड्या तपासायचा ११.३ किलोमीटरचा वेगळा ट्रॅक केलाय, २०२१ मध्ये सुरू झाला, वेगाची परीक्षा घेण्यासाठी इतकी मोठी बंदिस्त जागा लागते हे त्याला सांगा, आपला रिंग रोड त्यासाठी नाही.

प्रश्न : काका, मी देवासचा, लोडिंगची मागच्या चाकांवर चालणारी गाडी आहे. घाटात ओढायची नाही म्हणून मागच्या महिन्यात नवीन क्राउन-पिनियन टाकलं, मोठ्या रेशोचं. ओढते मस्त, पण ५०-६० ला मागून कुंऽऽई असा आवाज येतो. रेस सोडली की बंद. मिस्त्री म्हणतो नवीन आहे, घासून बसेल. बसेल का? — एक वाचक, देवास

उत्तर : नाही बसणार दादा. असा आवाज घासून जात नाही, वाढत जातो. या कामात पार्टपेक्षा सेटिंग महत्त्वाचं असतं आणि तिथेच घाई होते.

आवाज कधी येतो ते तुम्ही नीट लिहिलंय त्यामुळे सोपं झालं. रेस दिल्यावर येतो आणि सोडल्यावर बंद होतो, म्हणजे दात्याच्या ज्या बाजूवर पुढे जाताना जोर येतो तिथे क्राउन आणि पिनियन नीट टेकत नाहीयेत. रेस सोडल्यावरच आला असता तर दुसरी बाजू किंवा पिनियनची ढिली बेरिंग बघितली असती, दोन्ही वेळेला सारखाच घरघर आवाज असता तर बेरिंगच. गाडी सोडताना नुसता "टक" येत असेल तर आधी प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस बघायचे, निम्म्या वेळेला ते सैल निघतात आणि लोक उगाच हाउसिंग, म्हणजे एक्सलचं फुगीर कवच, उघडतात.

मिस्त्रींना उघडायला सांगा आणि स्वतः समोर उभे राहा. दाते स्वच्छ पुसून क्राउनच्या पाच-सहा दात्यांवर मार्किंग ब्लू किंवा शेंदरी रंगाची पेस्ट पातळ लावायची. एकानं क्राउनला लाकडाच्या फळीनं थोडा अडसर द्यायचा आणि दुसऱ्यानं पिनियन हातानं फिरवायचा, पुढे आणि मागे. पेस्टवर जो पुसलेला लांबट ठसा उमटतो तो दात्याच्या मधोमध पाहिजे, वरच्या काठावर नको आणि खाली मुळाशी नको. ठसा मुळाशी गेला तर पिनियन क्राउनच्या फार आत घुसलाय, काठावर गेला तर लांब राहिलाय, दोन्हीचा इलाज पिनियनमागची शिम म्हणजे पातळ चकती बदलणं. काही शिमा कागदाइतक्या पातळ असतात आणि तेवढ्यानंच ठसा सरकलेला डोळ्यांना दिसतो. जुन्या हाउसिंगमधली जुनीच शिम नव्या पिनियनला लावली असेल तर बहुतेक तुमचं उत्तर तिथेच आहे.

मग दात्यांमधला प्ले, म्हणजे मोकळी जागा. हा डायल गेजनंच मोजायचा, हातानं हलवून "ठीक आहे" म्हणणारा चालणार नाही. लहान गाड्यांना साधारण ०.१० ते ०.२० मिलिमीटरच्या घरात असतो, तुमच्या गाडीचा नक्की आकडा तिच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळेल. क्राउनवर चार वेगवेगळ्या जागी मोजा, एका जागी कमी आणि एका जागी जास्त आला तर क्राउन सरळ बसलेला नाही, बोल्टच्या खाली कचरा राहिला असेल. पिनियनच्या बेरिंगांमध्ये दाबून बसणारा स्पेसर असेल तर प्रत्येक वेळी नवीन घ्यायचा, एकदा दबलेला परत चालत नाही, आणि पिनियनचा नट अंदाजानं दांडक्यानं आवळायचा नाही.

दाते अजून चमकदार असतील, त्यांच्यावर ओरखडे किंवा टवके नसतील तर हीच जोडी वाचेल, म्हणून वाट बघू नका, भरलेली गाडी घेऊन गणपती घाटाकडे तर अजिबात जाऊ नका. उघडल्यावर जुन्या तेलात लोहचुंबक फिरवून बघा, बारीक काळी पावडर चालते, चमकणारे तुकडे आले तर नवीन जोडी आणावीच लागेल. सेटिंग झाल्यावर तेल जीएल-५ दर्जाचं, ८०डब्ल्यू-९० किंवा कंपनी सांगेल ते, साधं गिअर ऑइल चालत नाही, कारण हे दाते फिरताना एकमेकांवर घसरतात आणि तो दाब साधं तेल सोसत नाही. भरायच्या भोकातून बाहेर यायला लागेपर्यंत भरायचं, गाडी सपाट जागेवर असताना. पहिल्या दिवशी रिकामी गाडी वीस-पंचवीस किलोमीटर हळू चालवून हाउसिंग पूर्ण थंड होऊ द्या, असं तीन-चारदा करा, पाचशे किलोमीटरपर्यंत पूर्ण लोड टाकू नका आणि त्यानंतर ते तेल काढून नवीन भरा. उघडताना मिस्त्री वेगळे पैसे मागतील, पण सेटिंग त्यांनी केलं होतं तेव्हा मजुरी त्यांनीच सोसायला हवी, तुम्ही फक्त शिमा, स्पेसर, सील आणि तेलाचे द्या.